चाळीस सेकंदांचे निवेदन

आपल्या शाखेच्या मासिक सभांतून गेली कित्येक वर्षे एक तक्रार नेमाने ऐकू येते. दूरचित्रवाणी संच सुरू करावा, तर सकाळी सकाळी केस, गुडघे आणि वजन यांवरील रामबाण औषधांचा बाजार भरलेला असतो. आणि पदवीधर, नोंदणीकृत वैद्याला लोकांना दोन शब्द सांगावयास मात्र तेथे जागा नसते. ही तक्रार आम्हीही अनेकदा केली आहे. तथापि गेल्या पावसाळ्यात हे दोन शब्द सांगण्यासाठी आम्ही खरोखरच निघालो, तेव्हा त्या बाजाराहून निराळे असे आपणांपाशी सांगण्यासारखे काय आहे, हाच प्रश्न सर्वप्रथम आमच्यापुढे येऊन ठाकला. त्या खटपटीची हकीकत आणि तीवरून झालेले आमचे मत व्यवसायबंधू-भगिनींसमोर, तसेच औषधालयांच्या चालकांसमोर मोकळेपणाने मांडावे, म्हणून हा लेख.

निमित्त एका रुग्णाचे घडले. घाटकोपरच्या डोंगरवस्तीत राहणारा, एका गाळ्यात काम करणारा पंचविशीतला तरुण. ताप, अंगदुखी, अरुची, जिव्हा साम. औषधालयातून काढा आणून त्याने तीन दिवस घेतला होता व उतार पडेना म्हणून तो आमच्याकडे आला. साम ज्वर समजून आम्ही लंघन सांगितले, पाचन दिले, त्रिभुवनकीर्तीची योजना केली. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा डोळे लाल झाले होते, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हता आणि लघवी कमी झाली होती. तेव्हा कोठे आम्ही विचारले, पाण्यातून चालला होतास काय? लालबहादूर शास्त्री मार्गावर गुडघाभर पाणी होते त्या दिवशी तो दोन तास चालत घरी आला होता. टाचेला चपलेने घासून जखम झालेली होती. त्याच तासाला त्यास पालिकेच्या रुग्णालयात पाठविले. लेप्टोस्पायरोसिस निघाला. तो वाचला, पण दोन आठवडे रुग्णालयात काढून.

औषधालयातील काढ्याचे तीन दिवस आणि आमचे दोन, असे पाच दिवस फुकट गेले. जो प्रश्न तिसऱ्या भेटीत विचारला तो पहिल्या भेटीत विचारावयास हवा होता. निदानपंचकात हेतूला पहिले स्थान आहे हे परीक्षेत लिहून आम्ही गुण मिळविले होते!

यात आमची चूक अधिक बोचण्याचे कारण असे की, २६ जुलै २००५ आम्ही विसरलेलो नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. आमच्या व्यवसायास तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झाले होते. उपनगरांत वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, लाखो लोक छातीभर पाण्यातून घरी चालत गेले. आणि पाणी ओसरल्यावर ऑगस्टमध्ये लेप्टोच्या तापाचे रुग्ण रांगेने येऊ लागले. तेव्हापासून साचलेल्या पाण्यातून चाललेल्यांनी चोवीस ते बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक औषध घ्यावे, असे महापालिका पावसाळ्यात वरचेवर सांगत असते. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर ते चार ओळींत छापून येते. डोंगरवस्तीतला तो तरुण वृत्तपत्र वाचत नाही. परंतु त्याच्या आईच्या घरी केबल आहे, औषधालयाच्या फळीवर संच आहे, वडापावच्या गाडीमागच्या दुकानात संच आहे. म्हणून स्थानिक केबल वाहिनीवर एक लोकहिताचे निवेदन द्यावे, असे आम्ही सभेत सुचविले.

कल्पना सर्वांना आवडली. मतभेद सुरू झाले ते मजकूर वाचल्यावर. आमचा मूळ मजकूर असा होता: साचलेल्या पाण्यातून चालून आलात तर पाय साबणाने स्वच्छ धुवा. पायाला जखम असेल तर पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारा. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले किंवा लघवी कमी झाली, तर घरी काढा घेत थांबू नका. ज्या डॉक्टरांकडे वा वैद्यांकडे जाल त्यांना सांगा, मी पाण्यातून चाललो होतो.

‘काढा घेत थांबू नका’ या चार शब्दांवर सभा दीड तास चालली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, हे आपण आपल्याच तोंडाने सांगावयाचे काय? ॲलोपॅथीवाल्यांनी म्हटले असते तर आपण निषेधाचा ठराव केला असता. दुसऱ्यांचे म्हणणे, निदान कडुनिंबाच्या पाण्याने पाय धुवा एवढे तरी घाला, म्हणजे शास्त्राचे नाव राहील. तिसऱ्यांनी विचारले, पालिकेच्या दवाखान्याचाच पत्ता सांगावयाचा तर आपली संघटना हवी कशाला?

या आक्षेपांत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. आपल्या शास्त्राची उपेक्षा आपण सर्वांनी सोसली आहे आणि त्या उपेक्षेतून हे बोल येतात. परंतु चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात कोणते चित्र उभे केले आहे ते आठवावे. काम्पिल्य नगरीजवळ, गंगेच्या तीरावर, ग्रीष्माच्या अखेरीस भगवान आत्रेय शिष्यांसह फिरत आहेत. वायू, उदक, देश आणि काल यांची विकृती त्यांना दिसते आहे, आणि अग्निवेशाला ते सांगतात की औषधी आताच, त्यांचे वीर्य नष्ट होण्यापूर्वी, गोळा करून ठेवा. आपत्ती येण्याआधी बोलणे आणि ज्याचा उपयोग होईल तेच बोलणे, हे दोन्ही त्या प्रसंगात आहे. दूषित उदकापासून होणारा ज्वर हा आपल्या शास्त्राला नवा नाही. त्यात कोणत्या रुग्णाला कोठे, किती लवकर पाठवावे हे सांगणारा वैद्य शास्त्रापासून दूर गेला, असे आम्ही तरी मानत नाही. उलट सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर व रोगाभिसर असे दोन प्रकारचे वैद्य सांगून, कोणी आजारी आहे असे कळताच धावत जाऊन आपले गुण मोठ्याने ऐकविणाऱ्याची गणना आचार्यांनी कोणत्या वर्गात केली, हे वाचकांना माहीत आहेच.

मजकूर अखेर बहुमताने राहिला. त्यानंतर पैशांचा प्रश्न आला. एका औषधालयाच्या चालकांनी उदारपणे सर्व खर्च उचलण्याची तयारी दर्शविली. अट एकच, निवेदनाच्या शेवटी त्यांच्या ज्वरावरील काढ्याची बाटली दाखवावी व नाव उच्चारावे. हेतू वाईट नव्हता. गणेशोत्सवाची कमान असो वा शाळेची वह्यावाटप, ‘सौजन्य’ म्हणून नाव येणे ही आपल्याकडची रीतच आहे. तथापि येथे ती रीत चालत नाही, आणि का चालत नाही हे औषधालयांच्या चालकांनी नीट समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम १९५४ सालचा आहे. त्याच्या कलम ३ अन्वये, सोबतच्या अनुसूचीत दिलेल्या रोगांच्या निदानासाठी, उपचारासाठी वा प्रतिबंधासाठी अमुक औषध वापरावे असे सुचविणारी जाहिरात करता येत नाही. अनुसूचीत चोपन्न नावे आहेत. कर्करोग, मधुमेह, रक्तदाब ही आपल्याला पाठ असतात. पण त्याच यादीत ‘सर्वसाधारण ज्वर’ हेही नाव आहे, हे सभेतील निम्म्याहून अधिक जणांना ठाऊक नव्हते. आणि जाहिरात म्हणजे काय, तर पत्रक, वेष्टन, लेबल यांच्यासह तोंडी केलेली आणि प्रकाश, ध्वनी वा धूर यांच्या साहाय्याने केलेली कोणतीही घोषणा. ज्या काळी धुराने आकाशात अक्षरे काढीत त्या काळचा हा कायदा आहे. केबलवरील चाळीस सेकंद त्यातून सुटतील कसे? पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास आहे. आपल्या दवाखान्याच्या आवारात येथे अमुक रोगावर उपचार होतात अशी पाटी लावण्याची मुभा कलम १४ नोंदणीकृत चिकित्सकाला देते. ती मुभा पाटीपुरती आहे, पडद्यापुरती नाही. लेप्टोच्या सूचनेच्या शेपटाला ज्वराच्या काढ्याची बाटली बांधली की संपूर्ण निवेदनच त्या बाटलीची जाहिरात ठरते. उरलेले पस्तीस सेकंद कितीही खरे असोत.

अलीकडच्या घडामोडींनी तर या बाबतीत आपल्या साऱ्या व्यवसायावर लोकांचे डोळे रोखले गेले आहेत. १ एप्रिल २०२० रोजी, कोविडच्या आरंभीच, आयुष मंत्रालयाला आपल्याच पद्धतींच्या उपचाराच्या दाव्यांची प्रसिद्धी रोखण्याचा आदेश काढावा लागला. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयात २०२४ साली काय काय झाले, पतंजलीला वृत्तपत्रांतून जाहीर माफी कशी प्रसिद्ध करावी लागली, हे सर्वांनी पाहिले. आयुर्वेदीय औषधांच्या जाहिरातीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची पूर्वसंमती आवश्यक करणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. तो केंद्राने १ जुलै २०२४ रोजी वगळला, ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने त्या वगळण्यास स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये प्रकरण निकाली निघताना ती स्थगितीही उठली. काही औषधविक्रेत्यांनी याचा अर्थ ‘आता मोकळे रान’ असा घेतला आहे. तो चुकीचा आहे. १९५४ चा अधिनियम जागच्या जागी आहे.

औषधालयाच्या चालकांनी देणगी मागे घेतली. आम्ही सदस्यांकडून थोडी थोडी वर्गणी जमविली आणि केबलचालकाकडे गेलो.

येथे आमचे अज्ञान उघडे पडले. आमच्या डोळ्यांसमोर १९९१ च्या आखाती युद्धानंतर घराघरांत तारा ओढणारा गल्लीतला केबलवाला होता. इमारतीच्या गच्चीवर तबकडी, जिन्याखाली ‘कंट्रोल रूम’, तेथे एक व्हीसीआर. रविवारी दुपारी मराठी चित्रपट आणि मध्ये भागातल्या साडीदुकानाची जाहिरात. त्या काळी कॅसेट नेऊन दिली आणि चहा पाजला की काम होत असे. परंतु ३१ ऑक्टोबर २०१२ पासून मुंबईत सेट टॉप बॉक्सविना केबल बंद झाली, संकेत वरून कुलूपबंद येऊ लागले आणि मध्येच काही घुसविण्याची गल्लीतल्या चालकाच्या हातातली सोय बव्हंशी गेली. स्थानिक वाहिन्या आता मोठ्या केबल कंपन्यांच्या ताब्यात आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रत्येक वाहिनीची एक हजार रुपये भरून केंद्राकडे नोंदणी करावी लागते. आमच्या ओळखीचा चालक सरळ म्हणाला, “डॉक्टरसाहेब, फुकट लावायचं तर वरून परवानगी आणावी लागेल. आणि औषधाचं नाव असेल तर रेटकार्ड आहे.” त्याला कलमे माहीत नव्हती, पण निवेदन आणि जाहिरात यांतला भेद तो आमच्या काही सदस्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे जाणत होता.

वरच्या कार्यालयात तीन आठवडे गेले. एकदा ध्वनिचित्रफीत योग्य स्वरूपात नाही म्हणून परत आली, एकदा संघटनेचे नोंदणीपत्र हवे म्हणून, एकदा संबंधित गृहस्थ रजेवर म्हणून. त्या वाहिनीच्या तळाशी सरकणाऱ्या पट्टीवर या काळात अखंड चालू होत्या त्या परिसरातील मान्यवरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. दरम्यान दोन वेळा पाणी तुंबले.

सभेत कोणी म्हणाले, उपग्रह वाहिन्यांना रोज अर्धा तास लोकसेवेचे प्रसारण सक्तीचे केले आहे, तेथे हक्काने मागा. ९ नोव्हेंबर २०२२ च्या तत्त्वांत तशी तरतूद आहे खरी, आणि आरोग्य हा तीतला एक विषय आहे. पण वाहिनीने स्वतःच्याच कार्यक्रमात आरोग्याची चर्चा गुंफली तरी ती त्या अर्ध्या तासात मोजली जाते. तुमचे-आमचे निवेदन घ्यावे असे बंधन कोणावरही नाही. टाटा स्मारक रुग्णालयात तोंडाच्या कर्करोगाने २००९ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी गेलेल्या मुकेश या तरुणाची चित्रफीत देशभर प्रत्येक चित्रपटगृहात पोहोचली, कारण तंबाखूविषयक नियमांनी ती पोहोचविणे भाग पाडले. त्या चित्रफितीत काहीही विकावयाचे नव्हते, म्हणूनच ती पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येत असे. आमच्यामागे असा कोणताही नियम नाही. आमच्यापाशी केवळ विनंती आहे, आणि विनंती मान्य होण्यासाठी मागणाऱ्याचा हात रिकामा दिसावा लागतो.

मार्ग निघाला तो अनपेक्षित ठिकाणी. पालिकेच्या एन विभागाच्या आरोग्य खात्याकडे आम्ही मजकूर तपासून घेण्यासाठी गेलो. तेथे वैद्य म्हणून थोडी उपेक्षा होईल अशी धास्ती होती. तेथील अधिकाऱ्यांनी मजकूर दोनदा वाचला, काढ्याच्या वाक्यावर बोट ठेवून विचारले, “हे तुमच्या लोकांनी मान्य केलं?” आणि लगेच लाल पेन काढले. ‘बहात्तर तासांच्या आत’ हे शब्द त्यांनी घातले. ते आमच्या मजकुरात नव्हते, आणि सर्वांत महत्त्वाचे तेच होते. आपत्कालीन मदतीचा १९१६ हा क्रमांक घातला. ज्येष्ठांच्या आग्रहास्तव आम्ही अखेर समाविष्ट केलेले कडुनिंबाचे पाणी त्यांनी काढले. त्यात चूक काही नाही, म्हणाले, पण पाणी उकळेपर्यंत माणूस पाय धुवायचा थांबेल. मजकूर योग्य असल्याचे दोन ओळींचे पत्र त्यांनी दिले आणि ते पत्र घेऊन गेल्यावर वरच्या कार्यालयातील काम दोन दिवसांत झाले.

प्रसारण सुरू झाले ते गणेशोत्सवात. मंडळांच्या आरत्यांच्या थेट प्रक्षेपणामध्ये, दिवसातून सहा वेळा, दहा दिवस. पावसाचा जोर तोवर ओसरला होता. ‘दूरदर्शन’वर पाहिले असे दोन रुग्णांनी आवर्जून सांगितले; त्यांपैकी एका बाईंनी विचारले, “ती कोणत्या औषधाची जाहिरात होती हो? शेवटी नावच सांगितलं नाही.” आपल्या व्यवसायाने लोकांना पडद्यावर काय पाहण्याची सवय लावली आहे, हे त्या एका प्रश्नावरून कळावे.

आता आमचे म्हणणे. पावसाळ्याचे निवेदन पाऊस सुरू झाल्यावर करावयाचे काम नाही. ते वैशाखात तयार असले पाहिजे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील सदस्यांनी निरनिराळे मजकूर करू नयेत. एकच मजकूर आपापल्या विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून तपासून घ्यावा, म्हणजे प्रत्येक केबल कार्यालयाला स्थानिक पत्र देता येईल. निवेदनात कोणाही वैद्याचे नाव वा छायाचित्र नसावे. रुग्णांना आकर्षित करण्यासाठी केलेली प्रसिद्धी आपल्या १९८२ च्या आचारसंहितेपासूनच निषिद्ध आहे, आणि ‘अध्यक्षांचा चेहरा तरी दाखवा’ ही सूचना गेल्या सभेत हसण्यावारी गेली असली तरी ती पुन्हा येईल अशी आमची खात्री आहे.

औषधालयांच्या चालकांसाठी यात जागा नाही असे नव्हे. ताप आलेला मनुष्य दवाखान्यापूर्वी तुमच्या फळीसमोर उभा राहतो. काढा मागणाऱ्यास ‘पाण्यातून चालला होतात काय’ एवढे विचारणे, होय म्हणाला तर त्यास त्याच दिवशी तपासणीस धाडणे, आणि निवेदनाचा मजकूर कागदी पिशवीवर छापणे, येथे तर कोणा केबल कंपनीची परवानगी लागत नाही. मात्र त्या पिशवीवर खाली ज्वराच्या काढ्याचे नाव छापू नये. कारण वर सांगितले आहे. एखादी बाटली कमी खपेल. आमच्या दवाखान्यातूनही त्या तरुणासारखे काही रुग्ण पहिल्याच दिवशी दुसरीकडे जातील. पाच दिवस घालवून मग जाण्यापेक्षा ते बरे.

पुढील निवेदनाचे ध्वनिमुद्रण वैशाखाच्या पहिल्या पंधरवड्यात करण्याचे ठरले आहे. मराठी व हिंदी पाठ तयार आहेत. गुजराती पाठासाठी बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील ज्या सदस्यांचा उच्चार स्वच्छ आहे त्यांनी शाखेच्या कार्यवाहांना कळवावे. मजकुरावरील हरकती लेखी द्याव्यात, चैत्र संपण्यापूर्वी द्याव्यात. आणि कडुनिंबाविषयी ज्यांना अजूनही सांगावयाचे आहे, त्यांनी वाक्य पाच सेकंदांत म्हणून पाहून मगच पाठवावे.